अल्काची निगेटिव्ह

अल्काची निगेटिव्ह कापून टाकली हे केवळरामला कळलं, तेव्हा तो कोहमाऱ्याच्या चौकात एका ट्रकच्या चाकाशी झोंबत होता. सन दोन हजार बाराचा डिसेंबर. मुंबईच्या रेणू मॅडम पांढऱ्या गाडीतून उतरल्या, धुळीला नाक मुरडलं आणि लांबूनच म्हणाल्या, "काका, गुड न्यूज!"

केवळरामने बोल्ट खोलायची टॉमी खाली टाकली. डब्यातला साबणचुरा घेऊन कोपरापर्यंत हात धुतले, फडक्याला पुसले, पुन्हा धुतले. ट्रकवाला वैतागला. "अरे भाई, चक्का लगाना है के शादी में जाना है?"

"ठहर ना बे."

निगेटिव्हला काळा हात लागून चालत नाही, एवढं त्याला ठाऊक होतं. त्याने दोन्ही ओले हात मॅडमपुढे केले. "द्या."

"काय देऊ?"

"निगेटिव्ह. आणली ना?"

"त्याहून चांगलं झालंय, काका. फोटो पुन्हा विकला गेला. पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त! आणि नव्या मालकांची एकच अट होती. हा फोटो जगात एकच राहिला पाहिजे. म्हणून निगेटिव्ह कॅन्सल केली."

"म्हणजे?"

"कापली. सगळ्यांसमोर, रीतसर. व्हिडिओ आहे. दाखवू?"

केवळरामचे हात तसेच पुढे होते. त्यातून पाणी गळत होतं.

"कशानं कापली?"

असा प्रश्न मॅडमना कोणी विचारला नव्हता. त्यांनी ड्रायव्हरकडे पाहिलं, मग मोबाइलकडे. "कात्रीनेच."

"कुठून? चेहऱ्यातून?"

"मधून, काका. त्यात काय? ती फक्त निगेटिव्ह होती. खरी कलाकृती सुखरूप आहे."

इथं केवळरामला काय हवं होतं ते सांगून टाकलं पाहिजे, कारण मुंबईच्या शहाण्या माणसांना ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्याला पैसा नको होता. पेपरात नाव नको होतं. त्या निगेटिव्हवरून काढलेला बायकोचा एक साधा फोटो हवा होता. रंग न लावलेला, डोळे बंद असलेला. आई मेली तेव्हा पोरगी खुशबू दोन वर्षांची होती. तिला एकदा आईचा खरा चेहरा दाखवायचा, एवढंच.

आता डोळे बंद असलेला का, तेही सांगतो.

अल्का गेली ती नव्व्याण्णव साली, चिचगडला. ताप डोक्यात चढला आणि देवरीला नेता नेता जीपमध्येच संपली. तिचा एकही फोटो घरात नव्हता. दोघांचं लग्न लागलं होतं सामूहिक विवाहात. तिथं पुढाऱ्यांचे फोटो भरपूर निघाले, नवऱ्या-नवरींच्या मात्र मागच्या रांगा नुसत्या बाशिंगांच्या. मतदार ओळखपत्राचे फोटो काढायला माणसं आली त्या दिवशी ती माहेरी होती. फोटो काढून घ्यायला कोणी कधी मुद्दाम जातं का? जिवंत माणूस समोर असतं, त्याचा फोटो कशाला?

चिचगडला अशा वेळी टेकचंदला बोलवायची रीत होती. टेकचंदचा बाजारचौकात स्टुडिओ होता. कोणी मेलं आणि फोटो नसला की तो कॅमेरा घेऊन यायचा. मेलेल्या माणसाला आंघोळ घालून, चांगलं नेसवून खुर्चीत बसवायचं. पाठीशी बांबूची कामटी बांधायची म्हणजे मान पडत नाही. मागे चादर धरायची. टेकचंद फोटो काढायचा, स्टुडिओत जाऊन छापायचा आणि बारीक ब्रशाने त्या फोटोवर उघडे डोळे काढायचा. गालाला, लुगड्याला रंग द्यायचा. तेराव्याला किंवा बौद्धांच्या पुण्यानुमोदनाला फोटो हजर. आसपासच्या गावांत भिंतीवर टांगलेली कितीतरी माणसं अशीच होती, मेल्यावर डोळे उघडलेली. कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

अल्कालाही तसंच बसवलं. तिची पांढरी साडी शेजारच्या अनुसयाबाईने नेसवली. केवळराम चादरीचं एक टोक धरून मागे उभा होता. कॅमेऱ्याचा आवाज झाला आणि टेकचंद सवयीने म्हणून गेला, "हलू नका!" कोणी हसलं नाही, कोणी रागावलंही नाही.

मोठ्या पाकिटातून फोटो आला तो पुण्यानुमोदनाच्या सकाळी. भंतेजी यायचे होते. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्या खाली टेबल, त्यावर मेणबत्त्या आणि पांढरी फुलं. केवळरामने पाकीट फोडलं आणि विचारलं, "हे कोन होय?"

"अल्का होय ना गा," टेकचंद म्हणाला.

"हे अल्का नोहोय. हे देवी होय."

चूक कुठे झाली ते सगळ्यांना एका नजरेत कळलं, कारण ते डोळे सगळ्यांच्या ओळखीचे होते. नवरात्रात मंडळाच्या दुर्गेचे डोळे टेकचंदच आखायचा. पंचक्रोशीत त्याचा हात त्यासाठीच नावाजलेला. मोठे, लांब, कानाकडे गेलेले, राक्षसाला धाकात ठेवणारे डोळे. त्याला एकच डोळा येत होता आणि तोच तो सगळ्यांना द्यायचा. पुरुषाचा असला तर पापणी जरा कमी. पोवारांच्या, कलारांच्या घरी ते खपून जायचं. म्हातारी देवीसारखी दिसली तर लेकरं खूषच व्हायची. पण हे बौद्धांचं घर. केवळरामच्या आजाने छप्पन साली नागपूरहून आल्यावर घरातले देव नदीत सोडले होते. त्या घराच्या भिंतीवर, बाबासाहेबांच्या खाली, दुर्गा कशी लावायची?

आणि ते राहू द्या. त्या डोळ्यांत अल्काच नव्हती.

"तिचे डोळे असे नव्हते, टेकचंदभाऊ."

"मी कधी पाह्यले तिचे डोळे? मी गेलो तेव्हा तं झाकले होते. तुमी सांगाले पाहिजे होतं."

"तुमी इचाराले पाहिजे होतं."

"मी कोनाले कधी इचारलं नाही, अन् आजपर्यंत कोनी वापस नाही दिला. मेलेला मानूस काही बोलला नाही."

"मंग डोळे पुसून द्या. बंदच राहू द्या."

टेकचंदने कानाला हात लावला. "बाप्पा! बंद डोळ्याचा फोटो लावतेत का घरात? मढं लावल्यासारखं होते."

"मेलीच हाये ना ते. बंद तं बंद. खोट्यापरीस बंद बरे."

अनुसयाबाई मध्ये पडली. "पाहुणे येऊन राहिले, केवळराम. आजच्या दिवस लाव. मंग पाहू."

केवळरामने लावला नाही. फोटोशिवायच वंदना झाली. टेकचंद तसा भला माणूस. म्हणाला, "निगेटिव्ह आहे माह्याजवळ. त्याच्यावरून साधा फोटो काढून देतो. सवडीनं ये." रंगवलेला फोटो तो परत घेऊन गेला.

टेकचंदची ती सवड कधी आलीच नाही. कधी कागद संपलेला, कधी लाइन गेलेली, कधी लग्नसराई. केवळराम पोरीला घेऊन कोहमाऱ्याला आला. तिथं हायवे होता आणि पंक्चर काढणाऱ्याला उपाशी मरावं लागत नव्हतं. चिचगडला गेला की तो स्टुडिओत डोकवायचा. "आहे, आहे, जाते कुठं?" टेकचंद म्हणायचा. अल्काच्या नावाचं पाकीट त्याने एकदा काढून दाखवलंही होतं. 'अल्का केवळराम शहारे, चिचगड.' ते पाहून केवळराम निर्धास्त झाला. वस्तू जाग्यावर असली की माणूस तिची घाई करत नाही.

मग गावोगाव कॉम्प्युटरवर फोटो निघायला लागले. टेकचंद दोन हजार सातला वारला. पोराने स्टुडिओत मोबाइल रिचार्जचं दुकान टाकलं आणि बापाची सगळी खोकी गोंदियाजवळच्या कुडव्याच्या चंद्रकुमारला देऊन टाकली. हे केवळरामला कळायला वर्ष गेलं. तो कुडव्याला गेला, तर चंद्रकुमारने हात झटकले, "वो माल तो कब का गया, भैय्या."

चंद्रकुमार म्हणजे भंगारवाला. पण गोंदियात भंगारवाल्यालाही अक्कल लागते आणि त्याला ती होती. आधी तो जुन्या निगेटिव्हमधली चांदी काढणाऱ्यांना माल विकायचा. मग त्याला कळलं, की मुंबई-दिल्लीकडे एक नवं खूळ आलंय. झालं होतं असं, की तिकडे चित्रांचे भाव आभाळाला जाऊन भिडले. ज्यांची ऐपत त्याहून खाली होती, पण ऐट खाली नव्हती, असे लोक फोटो विकत घ्यायला लागले. आधी राजेमहाराजांचे. ते संपले तेव्हा बंगल्यांचे, हत्तींचे. तेही संपले तेव्हा कोणाचेही. त्यांचे लिलाव व्हायला लागले. थंड हॉलमध्ये लोक हातातल्या पाट्या वर करतात आणि कोणाच्या तरी मेलेल्या आजीला घरी घेऊन जातात. ती कोणाची आजी, हे विचारायचं नाही. उलट, माहीत नसलं तर बरं. खाली 'अज्ञात' लिहिता येतं.

चंद्रकुमार धंद्याला पक्का. फोटोला बुरशी आली असली, कोपरा वाळवीने खाल्ला असला, तर मुंबईवाले जास्त देतात, हे त्याने हेरलं. ते लोक त्या बुरशीला काळाचा स्पर्श म्हणत. मग चंद्रकुमारने काळाला मदत करायचं ठरवलं आणि फोटोची खोकी न्हाणीघराच्या भिंतीला लावून ठेवली. पावसाळाभर काळाचा स्पर्श होत राहिला.

दोन हजार बाराच्या ऑगस्टात खुशबू शाळेतून पेपरचा तुकडा घेऊन आली. ती तेव्हा दहावीला होती. "बाबा, पाहा. गोंदियाचा फोटो मुंबईत लाखात विकला म्हणते."

केवळरामने पाहिलं. खुर्ची ओळखली. चादर ओळखली, ती त्याच्याच घरची होती. चादरीच्या टोकाला चार काळी बोटं दिसत होती. ती त्याची स्वतःची.

"वाच," तो म्हणाला.

खुशबूने वाचलं. फोटोचं नाव 'अनिमिष'. म्हणजे पापणी न लवणारी, असा अर्थही दिला होता. कोणी एक जाणकार त्यात म्हणत होते, की मृत्यूच्या डोळ्याला डोळा भिडवून बसलेल्या या अनाम आदिवासी स्त्रीच्या नजरेत आदिशक्तीचा हुंकार आहे. तिचं बंड आहे. मध्य भारतातल्या जंगलाचं मौन आहे.

"हुंकार म्हणजे काय व?"

"म्हस करते तसा, वाटते."

"अन् आदिवासी कोन?"

"आईच ना, बाबा. आईच होय ना हे?" खुशबूने पेपर डोळ्यांजवळ नेला. आईचा म्हणून कुठलाही चेहरा तिने पहिल्यांदाच पाहिला होता. "किती सुंदर होती!"

केवळरामला त्या जाणकाराला विचारायचं होतं, की मेलेली बाई कोणाच्या डोळ्याला डोळा कसा भिडवेल? आणि बंड करायला तिला वेळ कुठं मिळाला? तिसऱ्या दिवशी गेली.

आणखी एक गोष्ट त्या दिवसापासून झाली आणि ती त्याने कोणालाही सांगितली नाही. अल्काला आठवायला बसलं, की चेहरा यायचा, हात यायचे, चुलीपुढे बसल्यावर पदर कंबरेला खोचायची तेही दिसायचं. पण डोळ्यांच्या जागी टेकचंदचे डोळे यायचे. पेपर त्याने पेटवून दिला. उपयोग झाला नाही. धाब्यावर, सलूनमध्ये, जिथं जावं तिथं तो पेपर.

दुसऱ्या दिवशी तो मोटारसायकल घेऊन पुन्हा कुडव्याला गेला. चंद्रकुमारने अंगणात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

"ते माही बायको होय," केवळराम म्हणाला.

चंद्रकुमार आधी घाबरला. "देखो भैय्या, मैंने पक्का खरीदा है. केस-वेस का लफडा नहीं मंगता."

"केस नाही कराची मले. निगेटिव्ह पाहिजे."

"बस?" चंद्रकुमारच्या तोंडावर रंग आला. "निगेटिव्ह का क्या अचार डालोगे?" आणि मग त्याचं डोकं चाललं. "ठहरो, ठहरो. नाव काय बाईचं? तू नवरा? जिंदा नवरा? अरे, तू तर सोना आहेस बाप्पा!"

भंगारवाल्याच्या तोंडून हे ऐकून केवळरामला जरा बरं वाटलं. अर्थ त्याला नंतर समजला. 'अज्ञात'चा भाव एक असतो. पण एकदा 'अज्ञात' म्हणून विकून झाल्यावर ती अमुक निघाली, तिचा नवरा रडणारा निघाला, तर भाव आणखी चढतो. नव्व्याण्णव साली अल्काला कोणी विचारत नव्हतं. आता तिचं नाव, गाव, ताप, सगळं विकण्यासारखं झालं होतं.

चंद्रकुमारचा फोन गेला आणि सप्टेंबरात रेणू मॅडम आल्या. चंद्रकुमारची खोकी निगेटिव्हसकट त्यांच्या गॅलरीनेच घेतली होती, फोटो लिलावात लावला होता तोही तिनेच. बरोबर कॅमेरेवाला. त्यांनी केवळरामला टायरांच्या ढिगापुढे बसवलं.

"काका, तुम्ही फक्त बोला. मनातलं."

"मनातलं कायले? झालं ते सांगतो. पण निगेटिव्ह?"

"नक्की. आमच्याकडे हजारो आहेत हो. शोधावी लागेल."

"पाकिटावर नाव आहे. अल्का केवळराम शहारे. टेकचंदच्या हातचं, हिरव्या शाईत."

मॅडमनी ते लिहून घेतलं. मग केवळरामने झालं ते सांगितलं. जीप, खुर्ची, कामटी, चादर. टेकचंदच्या दुर्गेचंही सांगितलं. डोळे चुकले म्हणून फोटो परत केला, तेही. मॅडम ऐकता ऐकता कॅमेरेवाल्याला म्हणाल्या, "हे फॅन्टॅस्टिक आहे. नवऱ्यानेच नाकारलेली देवी!"

"देवी नाही व बाई. देवी नाही, हेच तं सांगून राहिलो."

"हो, तेच. काका, एकदा त्या रस्त्याकडे बघाल? लांब? ती येईल असं वाटतंय, असं."

"ते कशी येईल? मेली ना."

"अहो, तसं बघायचं फक्त."

त्याने पाहिलं. रस्त्यावरून रायपूरचा कोळशाचा ट्रक येत होता. व्हिडिओत त्याची ती नजर आहे, असं म्हणतात. लोक ती पाहून गहिवरले. केवळराम तेव्हा ट्रकचं पुढचं टायर बसलंय का ते पाहत होता.

उठताना त्याने पुन्हा सांगितलं. "मले रंगवलेला नको. साधा एक फोटो पाहिजे, निगेटिव्हवरून. पोरीसाठी."

"प्रॉमिस," मॅडम म्हणाल्या.

पुढं काय झालं ते उघड आहे. तो व्हिडिओ हॉलमध्ये दाखवला. पहिल्यांदा फोटो घेणाऱ्याने तीन महिन्यांत तो पुन्हा लिलावात काढला. त्याला ना फोटो आवडला होता ना नावडला होता. त्याला चढता भाव आवडत होता. बोली वाढत गेली. आणि घेणाऱ्याने, जो कोण असेल तो, व्हिडिओत ऐकलं की या फोटोची निगेटिव्ह आहे आणि कोहमाऱ्याच्या एका पंक्चरवाल्याला तिच्यावरून आणखी एक फोटो काढायचा आहे. आणखी एक! लाखांच्या मालाला जोड! त्याने लगेच अट घातली. तेरा वर्षं ती निगेटिव्ह टेकचंदच्या फळीवर, चंद्रकुमारच्या न्हाणीघरात, मॅडमच्या गोदामात पडून होती. तिला उंदरांनी सोडलं, बुरशीने सोडलं, चांदीवाल्यांनी सोडलं, कारण तिची कोणाला किंमत नव्हती. केवळरामने ती मागितली, पाकीट सांगितलं, शाईचा रंग सांगितला. म्हणून ती हजारोंतून सापडली आणि कात्रीखाली गेली.

हे सगळं रेणू मॅडमनी त्या डिसेंबरच्या दुपारी मोकळेपणाने सांगितलं. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. "मार्केटचा नियम असतो, काका. एकमेव असण्यातच किंमत आहे."

"ते एकमेवच होती," केवळराम म्हणाला. "तुमच्या कात्रीच्या आधीपासून."

"एक्झॅक्टली!" मॅडम म्हणाल्या. अशा माणसाशी कोणी काय बोलणार?

मग त्यांनी गाडीतून एक मोठी फ्रेम काढायला लावली. सोनेरी कड, काच, आत 'अनिमिष'. लिलावाच्या पुस्तकावरून मोठी केलेली छपाई. "ही तुमच्यासाठी. आमच्याकडून भेट. मालकांनी खास परवानगी दिली. फक्त याचे फोटो काढून कुठे टाकू नका, हक्क त्यांच्याकडे आहेत."

"माह्या बायकोचा फोटो माह्या घरात लावाले त्यानं परवानगी देल्ली?"

"हो. फार मोठ्या मनाचे आहेत."

ट्रकवाला खाली उतरून ऐकत होता. तो झारखंडकडचा. त्याने फ्रेमकडे पाहिलं, हात जोडले आणि विचारलं, "कौन सी माता हैं?"

केवळराम हसला. त्या हसण्याने मॅडमना हायसं वाटलं. त्यांनी घड्याळ पाहिलं, नागपूरहून संध्याकाळचं विमान होतं.

"घेऊन जा हे," केवळराम म्हणाला.

"काका, रागावू नका—"

"रागावलो नाही. तुमच्यावर रागवाले तुमाले समजलं तं पाहिजे. तुमी शिकलेल्या, तुमाले मी एक गोष्ट सांगतली, साधी. पोट्टीले तिच्या मायचा चेहरा दाखवाचा आहे. याच्यात कोनता शबूद कठीण होता? टेकचंदनं चूक केली ते समजते मले. त्यानं डोळे पाह्यले नव्हते. तुमी तं माहं सारं ऐकलं, डोळे उघडे ठेवून. घेऊन जा."

मॅडमनी ड्रायव्हरला खूण केली. ड्रायव्हर फ्रेम उचलणार, एवढ्यात खुशबू सायकलवरून आली. शाळेच्या कपड्यांत, दप्तर पाठीला. तिने फ्रेम पाहिली आणि सायकल तशीच सोडून दिली. सायकल पडली.

"आई!" ती म्हणाली.

ट्रकवाल्याने खजील होऊन जोडलेले हात सोडले.

"हे आई नोहोय," केवळराम म्हणाला. "सांगतलं ना तुले. डोळे टेकचंदचे होत."

"बाकीचं तं आईचं होय ना? नाक? तोंड?"

"बाकीचं होय."

"मंग मी बाकीचं पाहीन." तिने फ्रेमला दोन्ही हात घातले. "नका नेऊ, मॅडम. मले राहू द्या."

रेणू मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. बहुतेक खरंच आलं असावं. त्यांनी मोबाइल वर केला, पोरीचा आणि फ्रेमचा फोटो काढायला. केवळरामने मोबाइलच्या पुढे हात धरला. तो हात आता सुकला होता. मॅडम गाडीत बसल्या आणि गेल्या.

ट्रकवाल्याचं चाक त्याने लावून दिलं. बोल्ट एकेक करून आवळले. खुशबू फ्रेम मांडीवर घेऊन टायरांवर बसली होती, काचेवरची धूळ ओढणीने पुसत. बराच वेळ पाहून झाल्यावर तिने काचेवर तळहात आडवा ठेवला, डोळ्यांवर. कपाळ, नाक, हनुवटी तेवढी उरली.

"असं पाह्यलं तं जमते, बाबा. ये, पाहा."

तो गेला. पाहिलं. तेरा वर्षांनी त्याला अल्काची हनुवटी दिसली. खालच्या ओठाखालचा छोटा खड्डा दिसला. तो खाली बसला.

"होय?" खुशबूने विचारलं.

"होय."

"मंग आता सांग. डोळे कसे होते?"

"बारीक होते."

"बारीक म्हणजे? माह्यासारखे?"

त्याने पोरीकडे पाहिलं. तिचे डोळे त्याच्या स्वतःच्या आईवर गेले होते, हे सगळं गाव म्हणायचं.

"नाही, तुह्यासारखे नाही."

"मंग?"

"हसली का झाकून जायचे," तो म्हणाला. "डावा आधी झाकायचा." आणि थांबला. डावा की उजवा? समोर बसलेल्या माणसाचा डावा म्हणजे आपला उजवा. त्याने अल्काला समोर बसवून पाहिलं, चुलीपुढे, जीपमध्ये, लग्नाच्या गर्दीत बाशिंगाच्या मुंडावळ्यांआड. सगळीकडून ती टेकचंदच्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहत होती, राक्षसाकडे पाहावं तशी.

"रंग कसा होता?" खुशबू म्हणाली. "काळा? का पिंगट?"

रस्त्यावर एक ट्रक हॉर्न देत थांबला. मागच्या चाकाची हवा गेली होती. केवळराम उठला, म्हणाला, "सांगतो. सवडीनं सांगतो." आणि टॉमी घेऊन गेला.

फ्रेम खुशबूच्या खाटेखाली आहे, गोधडीत गुंडाळलेली. भिंतीवर त्याने ती लावू दिली नाही आणि तिने हट्टही केला नाही. ती आता नागपूरला नर्सिंग करते. सुट्टीला आली की एकदा तरी विचारते.

अल्काचे डोळे कसे होते, ते केवळरामने तिला अजून सांगितलेलं नाही.